वादळाच्या पायाखालचं पाणी

चक्रीवादळ आलं की टीव्हीवर एकच चित्र दिवसभर फिरत राहतं. उपग्रहातून घेतलेला पांढराशुभ्र भोवरा, मधोमध काळा ठिपका आणि किनाऱ्याकडे जाणारी एक तुटक रेघ. सगळं वरून बघितलेलं. पण त्या भोवऱ्याच्या खाली, समुद्राच्या पोटात पन्नास-शंभर मीटरवर त्या वेळी काय चालू असतं हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. खरं तर हे वादळ पुढे वाढणार की दम टाकणार, याचा अर्धा निकाल तिथेच लागत असतो.

या शनिवारी त्या पाण्याची गोष्ट. ती कळायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. आणि ती पूर्ण होते आपल्या बंगालच्या उपसागरात, जिथे पुस्तकातला नियम वर्षातले काही महिने चक्क लागू पडत नाही.

आधी आंघोळीची बादली डोळ्यांसमोर आणा. खाली गार पाणी आहे आणि वर तुम्ही हळूच गीझरचं कढत पाणी सोडलंय. वर हात घातला तर चटका बसेल, तळाशी घातला तर काकडायला होईल. आता तांब्याने एकदा ढवळा. सगळं कोमट! उष्णता कुठेही गेली नाही, फक्त वाटली गेली. उष्ण कटिबंधातला समुद्र असाच असतो. वर तीस-चाळीस मीटर जाडीचा गरम, एकसारखा मिसळलेला थर असतो आणि त्याखाली झपाट्याने गार होत जाणारं पाणी. या उताराला थर्मोक्लाइन म्हणतात. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे वरच्या गरम पाण्याची वाफ. आणि वादळाचा वारा नेमका तांब्याचं काम करतो. म्हणजे वादळ स्वतःच्याच चुलीवर पाणी ओतत असतं. आमच्या भाषेत निगेटिव्ह फीडबॅक लूप. लोड वाढला की सिस्टिम आपोआप स्वतःला आवर घालते.

हे आज चार ओळींत लिहून झालं, पण इथवर पोचायचा रस्ता फार वाकडातिकडा आहे.

सुरुवात आपल्याकडचीच. 'सायक्लोन' हा शब्द जन्मला कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज गृहस्थ तिथे सागरी अपघातांच्या चौकशीचं काम बघायचा. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करायच्या, कोणत्या वेळी वारा कोणत्या दिशेने होता ते नकाशावर मांडायचं, असा त्याचा नाद. त्यातून वारा गोल फिरतोय हे दिसायचं. १८४८ साली त्याने खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकामुळे 'सायक्लोन' हा शब्द रूढ झाला. मुळात ग्रीक, सापाच्या वेटोळ्यावरून घेतलेला. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर आलेल्या भयंकर वादळात हजारो माणसं गेली, आणि असल्या आपत्तींच्या धक्क्यातूनच १८७५ साली भारतीय हवामान खातं उभं राहिलं.

पण या सगळ्या नोंदी बघितल्या तर एक गोष्ट जाणवते. वारा आहे, वायुभार आहे, लाटा आहेत, पण जहाजाच्या तळाखाली काय आहे याबद्दल अवाक्षर नाही. समुद्र म्हणजे वादळाची जमीन. जमीन काय करणार? ती नुसती असते. असा समज होता.

या समजाला पहिला धक्का बसला तो उष्ण कटिबंधापासून खूप लांब, बर्फात. १८९३ साली नॉर्वेचा फ्रिद्योफ नान्सेन 'फ्राम' नावाचं जहाज घेऊन आर्क्टिक महासागरात निघाला. जहाज मुद्दाम बर्फात अडकवायचं आणि बर्फाबरोबर वाहत जायचं, अशी अचाट योजना. तीन वर्षं जहाज बर्फात होतं. त्या काळात नान्सेनच्या दोन गोष्टी लक्षात आल्या आणि दोन्ही आपल्या गोष्टीत महत्त्वाच्या आहेत.

पहिली, बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही. तो वाऱ्याच्या उजवीकडे २० ते ४० अंश कलून जातो. दुसरी गोष्ट त्याआधीची, सैबेरियाच्या किनाऱ्याजवळची. तिथे समुद्र शांत, इंजिन पूर्ण ताकदीनिशी चालू, आणि जहाज जेमतेम सरकतंय! जणू खालून कोणीतरी धरून ठेवलंय. खलाशी याला 'मृत पाणी' म्हणायचे. तिथे वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर पसरलेला होता. हा गोड्या पाण्याचा थर लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ही दोन्ही कोडी एका तरुण स्वीडिश विद्यार्थ्याकडे आली. त्याचं नाव वाल्फ्रिड एकमन. मृत पाण्याचं कोडं त्याने टाकीत छोटं जहाज ओढून सोडवलं. जहाजाची ताकद वरच्या आणि खालच्या पाण्याच्या सीमेवर अदृश्य लाटा उठवण्यात खर्च होत होती. पृष्ठभाग शांत आणि खळबळ आत. बर्फाच्या कलण्याचं उत्तर त्याने १९०२ मध्ये स्वीडिशमध्ये आणि १९०५ मध्ये इंग्रजीत मांडलं. पृथ्वी फिरते म्हणून वाहत्या पाण्याला उत्तर गोलार्धात सतत उजवीकडे ढकललं जातं. वरचा थर आपल्या खालच्या थराला ओढतो, तो त्याच्या खालच्याला, आणि प्रत्येक थर थोडा आणखी उजवीकडे वळलेला. चकलीसारखी खाली उतरणारी ही रचना 'एकमन स्पायरल' म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

आता समजा वारा जोरात वाहिला आणि अचानक थांबला. पाणी लगेच थांबत नाही. ते पुढे जात राहतं, सतत उजवीकडे वळत राहतं, आणि सतत उजवीकडे वळणारी वस्तू शेवटी गोल फिरते. या फेरीला लागणारा वेळ फक्त अक्षांशावर ठरतो. ध्रुवावर सुमारे १२ तास, पारादीपच्या अक्षांशावर ३५ तास, मुंबईच्या अक्षांशावर ३७ तास, आणि १० अंशांवर जवळजवळ ६९ तास. टोर्स्टेन गुस्टाफसन आणि बोर्ये कुलेनबर्ग या दोघांनी बाल्टिक समुद्रात हे प्रवाह मोजून १९३६ साली प्रसिद्ध केले. तिथे पाणी दर १४ तासांनी एक गोल पुरा करत होतं, अगदी हिशोबाप्रमाणे. वारा गेला तरी समुद्राला तो कितीतरी दिवस आठवत राहतो.

आता तुम्ही म्हणाल, पाणी गोल फिरलं तर फिरू दे. त्याने गरम आणि गार एकत्र कसं होणार? सगळा थर एकसाथ फिरला तर ढवळणार काय?

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर लहान भोवऱ्यांमध्ये आहे. वरचा थर सेकंदाला मीटरभर वेगाने सरकतोय आणि खालचं पाणी जवळजवळ स्थिर आहे, तर दोघांच्या सीमेवर घासाघीस होणारच. एकीकडे वेगातला फरक पाणी उलथवायला बघतो, दुसरीकडे घनतेतला फरक त्याला दाबून धरतो, कारण जड गार पाणी सहजासहजी वर येत नाही. ही रस्सीखेच एका आकड्यात बसवली लुईस फ्राय रिचर्डसनने १९२० मध्ये. संगणक नसताना हाताने आकडेमोड करून हवामानाचा अंदाज काढू बघणारा हाच तो अवलिया. त्याचा हा आकडा एक चतुर्थांशाच्या खाली गेला तरच सीमा फाटू शकते, हे जॉन माइल्स आणि लुईस हॉवर्ड यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलं. सीमा फाटली की तिथे भोवरे उठतात. मीटरभराचे भोवरे फुटून वीतभराचे होतात, वीतभराचे बोटाएवढे, आणि शेवटी मिलीमीटरच्या आसपास पोचल्यावर पाण्याचा चिकटपणा त्यांना गिळून टाकतो. गरम आणि गार खरोखर एकजीव होतं ते या शेवटच्या पायरीवर.

मोठ्या भोवऱ्यांकडून लहानांकडे ऊर्जा कोणत्या हिशोबाने उतरते, हे मॉस्कोतल्या आंद्रेई कोल्मोगोरोव्हने १९४१ मध्ये कागदावर मांडलं होतं. इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्स घेतलेल्यांना हे नाव आठवत असेल (आणि काहींच्या पोटात गोळाही येत असेल). पण ते तपासायला प्रयोगशाळेतला नळ अपुरा पडतो, त्याला प्रचंड प्रवाह लागतो. शेवटी ग्रँट, स्टुअर्ट आणि मॉयलिएट या तिघांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका अरुंद खाडीत, भरती-ओहोटीच्या भयानक ओढीत, जहाजामागे एक नाजूक तापलेली सुई ओढत नेली. १९६२ साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले आणि ते कोल्मोगोरोव्हच्या नियमावर चपखल बसले. समुद्रातली बोटाएवढी हालचाल मोजता येते हे तेव्हा सिद्ध झालं.

इकडे वादळवाल्यांचा रस्ता वेगळाच चालू होता. १९३८ च्या सुमारास ॲथेल्स्टन स्पिलहाउसने बॅथिथर्मोग्राफ नावाचं एक साधं यंत्र तयार केलं. ते चालत्या जहाजावरून पाण्यात सोडायचं, आणि खोलीनुसार तापमानाची रेघ काचेवर ओरखडून मिळायची. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला ते हजारोंनी वापरलं गेलं, कारण आवाज पाण्यात कसा वळतो हे तापमानावर ठरतं. युद्ध संपलं, पण समुद्राच्या पोटात बघायची सवय राहिली. १९४८ साली फिनलंडच्या एरिक पाल्मेनने दाखवून दिलं की चक्रीवादळं साधारण २६-२७ अंशांहून गरम पाण्यावरच जन्मतात. म्हणजे समुद्र ही नुसती जमीन नाही, ती चूल आहे.

मग १९६४ च्या ऑक्टोबरात 'हिल्डा' हे हरिकेन मेक्सिकोच्या आखातातून गेलं. टेक्सासच्या डेल लाइपरने एक धाडस केलं. वादळ गेल्यावर काही दिवसांतच तो जहाज घेऊन त्याच्या मागावर गेला आणि जागोजागी तापमान मोजलं. जिथून वादळ गेलं होतं तिथे समुद्र पाच अंशांहून जास्त गार झाला होता. पाच अंश! हवेत पाच अंशांचा फरक म्हणजे स्वेटर काढायचा की नाही एवढाच प्रश्न. पण पाण्याच्या बाबतीत ही उष्णता अवाढव्य असते. गार पट्टा नकाशावर असा दिसत होता, जणू वादळाने जाताना पाऊलखुणा सोडल्यात.

ही उष्णता गेली कुठे? सरळ उत्तर असं की वादळाने ती वाफ करून शोषून घेतली. बराच काळ पुष्कळांना तेच पटायचं. १९७५ साली 'इलोईज' हरिकेन आखातातल्या एका मोजणी-बोयाजवळून गेलं आणि नोंदी आयत्या मिळाल्या. त्यांच्या आधारे जेम्स प्राइसने एक मॉडेल बांधलं, १९८१ साली निबंध छापला आणि हिशोब उलटा निघाला. वरच्या थराने गमावलेल्या उष्णतेपैकी सुमारे ८५ टक्के खालून घुसलेल्या गार पाण्यामुळे गेली होती. वादळाने खरोखर हवेत उचलली ती उरलेली १५ टक्के. म्हणजे वादळ जेवतं थोडं आणि सांडतं फार.

प्राइसने आणखी एक जुनं कोडं सोडवलं. गार पट्टा वादळाच्या मार्गावर मधोमध नसतो, तो उजवीकडे सरकलेला असतो. का? झोपाळ्याचं उदाहरण घ्या. झोपाळ्याला वेळ साधून धक्का दिला तर तो वर वर जातो, अवेळी दिला तर थांबतो. वादळ पुढे सरकताना त्याच्या उजव्या बाजूला उभं राहिलं तर वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत जातो. डाव्या बाजूला उलट. आणि उत्तर गोलार्धात पाण्याचा तो एकमनवाला गोल? तोही घड्याळाच्या दिशेने. म्हणजे उजवीकडे वारा प्रत्येक वळणावर पाण्याला वेळेवर धक्का देतो. तिथे प्रवाह जोरात, म्हणून सीमेवरची घासाघीस जोरात, म्हणून भोवरे जास्त, म्हणून पाणी जास्त गार. नान्सेनच्या बर्फाचं उजवं वळण मेक्सिकोच्या आखातात असं कामाला आलं.

पण हे सगळं आधी किंवा नंतर मोजून काढलेलं. वादळ डोक्यावर असताना खाली काय होतं हे कोणी बघितलं? जहाज तिथे जाऊ शकत नाही, गेलं तर परत येईल याची खात्री नाही. मग विमानातून यंत्रं टाकायची कल्पना निघाली. १९९९ साली एरिक डसारोने 'डेनिस' हरिकेनच्या वाटेत अशी तरंगती यंत्रं टाकली, जी पाण्याबरोबरच वर-खाली होतात, जणू पाण्याचाच एक थेंब. वादळाखाली हे थेंब वरच्या थरात खालपर्यंत जाऊन पुन्हा वर येत होते, आणि ती घुसळण पहिल्यांदा थेट नोंदली गेली.

२००४ साली 'फ्रान्सिस' हरिकेनच्या आधी एक दिवस तीन यंत्रं टाकली गेली. एक थेट मार्गावर, एक उजवीकडे ५५ किलोमीटरवर, एक ११० किलोमीटरवर. ही दर अर्ध्या तासाला ३० ते २०० मीटरमधलं तापमान, क्षारता आणि प्रवाह मोजत होती, वादळ डोक्यावरून जात असतानासुद्धा. टॉम सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी ते आकडे मांडले. सर्वांत जोरदार प्रवाह ५५ किलोमीटरवाल्या ठिकाणी. तिथे वरचा थर सुमारे ८० मीटरने आणखी खोल गेला आणि पृष्ठभाग सुमारे २.२ अंशांनी गार झाला. प्राइसच्या कागदावरचं भाकीत वीस-बावीस वर्षांनी वादळाच्या पोटात बसून तपासलं गेलं, आणि पास झालं.

२.२ अंश ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून दुसरा आकडा देतो. केरी इमॅन्युएलच्या १९९९ च्या हिशोबाप्रमाणे वादळाच्या गाभ्याखाली पाणी साधारण अडीच अंश गार झालं तर वादळाची ऊर्जा निर्माण करायची क्षमता जवळजवळ बंदच पडते. अर्थात गारव्याचा मोठा भाग वादळाच्या मागे पडतो, तोपर्यंत ते पुढे सटकलेलं असतं. म्हणूनच रेंगाळणारं वादळ स्वतःचं जास्त नुकसान करून घेतं आणि झपाट्याने जाणारं कमी. २००५ साली 'कॅटरिना' मेक्सिकोच्या आखातात ज्या पाण्यावरून गेलं तिथे गरम थरच फार जाड होता. ढवळलं तरी खालून गरमच पाणी वर येत होतं, आणि वादळ फुगतच गेलं.

आता आपल्या घरी येऊ.

बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी अशा नद्या पावसाळाभर पाणी ओततात, वर मान्सूनचा पाऊस वेगळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उत्तरेकडच्या भागात समुद्रावर गोडसर पाण्याचं झाकण बसतं, काही ठिकाणी फक्त दहाएक मीटर जाडीचं. तेच, नान्सेनचं मृत पाणी, फक्त इथे बर्फाऐवजी नद्यांनी केलेलं. त्याखालचं पाणी खारं, पण गरम. इतकं की बऱ्याचदा पृष्ठभागापेक्षाही खालचं पाणी किंचित जास्त गरम असतं. या खाऱ्या-गरम पट्ट्याला 'बॅरियर लेयर' म्हणतात, कारण वरची घुसळण आणि खालचं गार पाणी यांच्यामध्ये तो भिंतीसारखा उभा राहतो.

अशा समुद्रावर वादळ आलं तर? वारा ढवळतो, भोवरे उठतात, सीमा फाटते, सगळं पुस्तकाप्रमाणे. पण वर येतं ते गरम पाणी! बादलीत वर कढत, मध्येही कढत, आणि गार फार खाली. तांब्या तिथवर पोचतच नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देबासिस सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे स्वच्छ मांडलं. मान्सूनआधीची, म्हणजे एप्रिल-मेमधली वादळं उपसागराला दोन-तीन अंशांनी गार करतात. मान्सूननंतरची वादळं उत्तर उपसागराला जवळजवळ गार करतच नाहीत. म्हणजे जो आपोआप लागणारा ब्रेक जगभर काम करतो, तो नेमका आपल्या सर्वांत धोक्याच्या ऋतूत, सर्वांत दाट वस्तीच्या किनाऱ्यासमोर सुटलेला असतो. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशावर आलेलं महाचक्रीवादळ आठवा. महिना बघा, आणि जागा बघा. जवळजवळ दहा हजार माणसं गेली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आलं तेव्हा मात्र उत्तर उपसागरात नांगरलेली मोजणी-यंत्रं हजर होती. त्यांनी दर तासाला जे नोंदवलं ते थक्क करणारं आहे. वाऱ्याने प्रवाह उठवले, थरांमधली घासाघीस वाढली, पाणी जोरात मिसळलं, आणि पृष्ठभागाची क्षारता झपाट्याने वाढली. उपग्रहाच्या मोजमापात जवळजवळ दहा लाख चौरस किलोमीटरवर ती दीड ते तीन एककांनी वाढलेली दिसली. म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठा समुद्र ढवळून निघाला! आणि तापमान? फार थोडं उतरलं. घुसळण झाली याचा पुरावा मिठात सापडला, थर्मामीटरमध्ये नाही. २०१२ मध्ये बालगुरू आणि सहकाऱ्यांनी जगभरातली वादळं तपासून दाखवलं होतं की बॅरियर लेयर असलेल्या भागांवर वादळं जवळजवळ ५० टक्के जास्त वेगाने तीव्र होतात.

आपल्या बाजूचा अरबी समुद्र वेगळा आहे. तिथे एवढ्या मोठ्या नद्या नाहीत, बाष्पीभवन जास्त, वरचं पाणी खारं. त्यामुळे बहुतेक भागात गोड्या पाण्याचं झाकण नाही. पण म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. गेल्या काही दशकांत हा समुद्र तापत चाललाय. जून २०२० मध्ये 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, मे २०२१ मध्ये 'तौते' मुंबईसमोरून गेलं आणि तेलक्षेत्रातला एक तराफा बुडून सत्तरहून जास्त कामगार गेले. पाणी गरम होणं ही एक गोष्ट, आणि ते किती खोलवर गरम आहे ही दुसरी. तांब्या काय वर काढणार हे दुसऱ्या गोष्टीवर ठरतं.

एक वाद मात्र अजून पूर्ण मिटलेला नाही. वादळ गेलं की पृष्ठभाग काही आठवड्यांत उन्हाने पुन्हा तापतो. पण खाली ढकललेली उष्णता खालीच राहिली, तर प्रत्येक वादळ समुद्रात उष्णता भरणारा पंप ठरेल. २००१ मध्ये इमॅन्युएलने असंच सुचवलं, की जगाच्या महासागरी प्रवाहांना चालना देण्यात वादळांचा मोठा वाटा असावा. २००७ मध्ये स्रायव्हर आणि ह्यूबर यांनी तो वाटा महासागरांच्या सर्वोच्च उष्णता-वहनाच्या सुमारे १५ टक्के काढला. मग २०१० मध्ये मालटे यान्सेन आणि सहकाऱ्यांनी शंका काढली. यातली बरीच उष्णता खोलवर जातच नाही, हिवाळ्यात वरचा थर जाड झाला की ती परत हवेत निसटते. बँकेत ठेव केली असं वाटतं, पण ते करंट अकाउंट निघतं! हिशोब अजून चालू आहे.

इतका इतिहास सांगायचं कारण साधं आहे. वादळ कुठे जाणार याचा अंदाज गेल्या काही दशकांत फार सुधारला. फायलिनच्या वेळी लाखो लोक आधीच हलवले गेले आणि बळींचा आकडा शंभरच्याही खाली राहिला, ते यामुळेच. पण वादळ किती तीव्र होणार हा अंदाज त्यामानाने मागे आहे. रात्री झोपताना साधं दिसलेलं वादळ सकाळी उग्र झालेलं असतं. मार्ग ठरवणारे वारे आकाशात दिसतात. तीव्रता ठरवणारी निम्मी माहिती पाण्याखाली असते, आणि पाण्याच्या आत उपग्रहाला दिसत नाही. तिथे बोये लागतात, तरंगती यंत्रं लागतात, वादळाच्या वाटेत उभं राहणारं काहीतरी लागतं.

अशा यंत्रांची बातमी होत नाही. बजेटमध्ये ती कंटाळवाणी दिसतात, मच्छीमारांच्या जाळ्यात अडकतात, गंजतात, बंद पडतात. आमच्या आयटीत जसं मॉनिटरिंगवर कोणी खर्च करायला तयार नसतं, सर्व्हर झोपेपर्यंत. तरी चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे लोक ही यंत्रं समुद्रात नांगरतात आणि सांभाळतात. हैदराबादचं इन्कॉइस समुद्राच्या पोटातल्या उष्णतेचे नकाशे काढतं, नुसत्या पृष्ठभागाचे नाही.

तर मंडळी, पुढच्या ऑक्टोबरात टीव्हीवर तो पांढरा भोवरा दिसला आणि अँकर 'समुद्राचं तापमान २९ अंश' असं ओरडायला लागला, तर मनात एकच प्रश्न विचारा: किती मीटरपर्यंत? पारादीप किंवा गोपाळपूरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसासाठी त्या रात्री सगळं त्या उत्तरावर असतं.